बेसपर्यंत पोचलेले पाहुणे

रूट्स रेगे म्हणजे जमैकातल्या किंग्स्टनच्या वस्त्यांमधलं बिनभेसळीचं संगीत, असं मानणाऱ्यांनी वेलर्स या जमैकन बँडचा १९७३ चा अल्बम 'कॅच अ फायर' पुन्हा ऐकावा. ध्वनिमुद्रण किंग्स्टनचंच, पण निर्माता ख्रिस ब्लॅकवेलने टेप लंडनला नेल्या आणि त्यांवर अलाबामाच्या वेन पर्किन्सची गिटार, टेक्ससच्या 'रॅबिट' बंड्रिकचा कीबोर्ड चढवला. रेगेला जगाच्या बाजारात नेणारा अल्बमच मुळात सरमिसळीचा! २००१ मध्ये त्याची मूळ जमैकन आवृत्तीही निघाली. दोन्ही लागोपाठ ऐकल्या की जाणवतं, पाहुण्यांसाठी बेसला थोडं सरकून बसावं लागलं होतं.

त्यामुळे देशोदेशींचे बँड रेगे वाजवतात तेव्हा शुद्धतेचा वाद मला कंटाळवाणा वाटतो. मी बेस आणि ड्रम ऐकतो. 'वन ड्रॉप' ठेक्यात पहिली मात्रा ड्रमर मोकळी सोडतो आणि आघात तिसरीवर येतो. समेची वाट पाहणारा आपला कान सुरुवातीला ठेचकाळतो. त्या मोकळ्या जागेत बेस जवळजवळ चाल गातो. बाहेरून आणलेलं जर इथवर पोचलंच नाही, तर वर आफ्रिकी कोरा वाजो की सतार, ती नुसती आरास.

आयव्हरी कोस्टच्या आल्फा ब्लाँडीने 'जेरुसलेम' (१९८६) साक्षात वेलर्सना साथीला घेऊन केला. भाषा बदलत जातात, ठेका किंग्स्टनचाच राहतो. गाणी झकास, पण धाडस फक्त शब्दांचं. कॅलिफोर्नियाच्या सोनोमा स्टेट विद्यापीठात जॅझ शिकणाऱ्या मुलांनी १९९८ मध्ये 'ग्राउंडेशन' हा बँड उभा केला. त्यांचा बेस खरोखर भटकतो, ड्रम त्याच्याशी बोलतो. 'हेब्रॉन गेट' या अल्बममध्ये डॉन कार्लोस आणि सेड्रिक मायटन हे जमैकन बुजुर्ग गायले, त्यांना तो मोकळेपणा मानवलाही. मात्र ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे एकल तुकडे लांबले, की परीक्षेला बसल्याचा वास येतो.

फ्रान्सच्या सेंट-एतियेन या जुन्या कोळसा-खाणींच्या शहरातला 'डब इंक' वेगळ्या वाटेने जातो. कोमलान आणि बूशकूर हे त्याचे दोन गायक. फ्रेंचमधून मध्येच काबिल भाषा येते, आणि तिच्यासोबत उत्तर आफ्रिकी हरकती येतात. त्या हरकतींमुळे ओळ ठेक्याच्या थोडी मागे रेंगाळते, आणि तेवढ्याने सगळ्या गाण्याचा तोल बदलतो. हे मला फार आवडतं. अलीकडच्या अल्बममध्ये मात्र धृपदं मोठ्या मैदानातल्या गर्दीने ओरडावीत अशी बेतलेली वाटतात.

सगळ्यात खोल उतरला तो 'डब कोलोसस'. त्या नावाने ब्रिटिश निक पेजने आदिस अबाबाच्या कलावंतांबरोबर 'अ टाउन कॉल्ड आदिस' (२००८) केला. रूट्स रेगेशी घट्ट जोडलेले रास्ताफारी पंथाचे लोक ज्या इथिओपियाला पुण्यभूमी मानतात, तिथले खरेखुरे वादक रेगेत आले ते असे. त्सेदेनिया गेब्रेमार्कोसचा आवाज, सॅम्युअल यिर्गाचा पियानो, एकतारी मसिंकोची कुरकुर. इथिओपियाची 'तिझिता' स्वरमाला पाच स्वरांची; तिचं एक रूप तर थेट आपल्या भूपाचं. ही स्वरमाला बेसच्या चालीतच मुरते, वरून शिंपडलेली वाटत नाही. काही ठिकाणी तर रेगेच बाजूला होतो आणि आदिसचा जॅझ पुढे चालू लागतो. कट्टर रूट्सवाले तिथे नाक मुरडतील. मला तेच तुकडे पुन्हा ऐकावेसे वाटतात.