सांत्वनाचे इंग्रजी

गेल्या वर्षी एका जुन्या स्नेह्याच्या निधनानंतर त्यांच्या नातीला पत्र लिहिण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. नात परदेशी वाढलेली. मराठी बोललेले तिला समजते, वाचता येत नाही. ज्या घराशी चाळीस वर्षे मराठीतून पत्रव्यवहार केला, त्या घरी समाचाराचे पत्र इंग्रजीतून धाडावे लागले. पत्राच्या शेवटी ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट माय सॉलिस’ असे लिहिले आणि पाकीट पेटीत टाकले. चार दिवसांनी ते वाक्य मनात पुन्हा उमटले आणि संकोच वाटला. वाक्य चुकले होते. ही चूक एकट्याची नाही. आपल्या मंडळींच्या इंग्रजी शोकपत्रांत, स्मरणिकांत आणि शोकसभेच्या ठरावांत हा शब्द असाच योजलेला वारंवार आढळतो. म्हणून त्याची थोडी चिकित्सा करण्याचे योजिले आहे.

प्रथम उच्चार. मराठीत आपण ‘सोलेस’ असे लिहितो. इंग्रजी उच्चार ‘सॉलिस’ याच्या जवळ जातो. एकटेपणा दाखविणाऱ्या ‘सॉलिट्यूड’शी त्याचे नाते असावे असे पुष्कळांना वाटते, कारण दुःखी माणूस एकान्त शोधतो. परंतु हे साम्य केवळ ध्वनीचे आहे. ‘सॉलिस’चे मूळ ‘सांत्वन करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. ‘कन्सोलेशन’ही तेथूनच आले. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना या शब्दाला ‘करमणूक, आनंद’ असाही अर्थ होता. चौदाव्या शतकातील चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये यात्रेकरूंनी सांगावयाच्या गोष्टींकडून बोध आणि ‘सॉलिस’ या दोहोंची अपेक्षा केली आहे, ती याच अर्थाने. पुढे आनंदाचा अर्थ गळाला आणि दुःखातला विसावा तेवढा उरला.

आता योजना. इंग्रजीत ‘सॉलिस’ बहुधा दुःखी माणसाच्या बाजूने बोलला जातो. तो ते शोधतो, त्याला ते कशात तरी सापडते. संगीतात, कामात, प्रार्थनेत, जुन्या पत्रांत. क्रियापदे ‘सीक’, ‘फाइंड’, ‘टेक’ ही, आणि त्यांच्यापुढे शब्दयोगी ‘इन’. एखादी वस्तू किंवा व्यक्ती ‘सॉलिस’ ठरते असेही म्हणतात: नातवंडे ही तिच्या वैधव्यातले ‘सॉलिस’ होती. धर्म ‘सॉलिस’ देतो, हेही शुद्ध इंग्रजी आहे, कारण तेथे तिऱ्हाईत निरीक्षक वर्णन करीत असतो. परंतु ‘मी आपणांस माझे सॉलिस अर्पण करतो’ असे म्हणता येत नाही. ते आपल्या खिशातून काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवण्याची वस्तू नाही. शिवाय हा शब्द सहसा अनेकवचनी होत नाही. डोकेदुखी थांबली तर ‘सॉलिस’ मिळाले असेही म्हणत नाहीत. तेथे ‘रिलीफ’ हवा. ‘रिलीफ’मध्ये दुःखाचे कारणच दूर होते. ‘सॉलिस’मध्ये कारण जागच्या जागी राहते आणि माणूस त्याच्याशेजारी बसायला शिकतो.

मग पत्रात द्यावयाचे काय? त्यासाठी ‘कंडोलन्स’ आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘सोबत दुःख करणे’. पत्रात तो शब्द अनेकवचनी, ‘कंडोलन्सेस’ असा वापरावा. ‘आय कंडोल युवर फादर्स डेथ’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास दिसते. प्रमाण इंग्रजीत माणसाचे नाव ‘विथ’ने आणि निधनाचा उल्लेख ‘ऑन’ने जोडतात. तिसरा शब्द ‘कम्फर्ट’. आज तो गादी-खुर्चीच्या सुखासाठी वापरून गुळगुळीत झाला आहे, पण त्याच्या पोटात ‘बळकट’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. मूळच्या अर्थाने ‘कम्फर्ट’ म्हणजे आपला ‘धीर देणे’च होय. थोडक्यात, ‘कंडोलन्स’ लिहिणाऱ्याचे, ‘कम्फर्ट’ दोघांमधले आणि ‘सॉलिस’ दुःख सोसणाऱ्याचे.

चूक का होते, हे पाहू गेल्यास दोष इंग्रजीच्या अज्ञानाइतकाच आपल्या मराठीच्या सवयीकडेही जातो. मराठीत आपण ‘सांत्वन’ करतो, ‘दिलासा’ देतो. दोन्ही कृती बाहेरून आत जाणाऱ्या. तीच वाक्यरचना इंग्रजी शब्दावर चढविली की ‘माय सॉलिस’ जन्माला येते. दुःखी माणसाच्या आतून उगवणारी गोष्ट सांगायला मराठीत ‘विसावा’ आहे, ‘विरंगुळा’ आहे. विसावा कोणी कोणाला अर्पण करीत नाही. तो मिळतो, सापडतो. ‘सॉलिस’चा सख्खा भाऊ शोधायचा तर तो ‘सांत्वना’पेक्षा येथे अधिक सापडेल.

आपण परभाषी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. आपल्याला एक लाभ आहे, शेजारच्या भाषा कानावर असतात. स्पर्धेत पहिल्या तिघांत न आलेल्याला इंग्रजीत ‘कन्सोलेशन प्राइझ’ देतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या हिंदी शाळेत ते ‘सांत्वना पुरस्कार’ होते, वडोदऱ्याच्या गुजरातीत ‘आश्वासन इनाम’, बेळगावच्या कन्नडमध्ये ‘समाधानकर बहुमान’. मराठीत मात्र ‘उत्तेजनार्थ बक्षीस’. तीन शेजारणी मुलाचे डोळे पुसतात. मराठी त्याला पुढच्या वर्षी पुन्हा ये म्हणते. यांपैकी ‘आश्वासन’ मराठीत वचन झाले, ‘समाधान’ हिंदीत समस्येची उकल झाले आणि मराठीत तृप्ती. एकच संस्कृत शब्द तीन घरी तीन कामे करतो. असे असता इंग्रजी शब्द आपल्या घरच्या शब्दाच्या मापानेच चालेल, हे गृहीत धरण्याचे कारण काय?

याच कुळातला एक शब्द खरोखरच देता येतो, तोही टक्क्यांनी मोजून. तो कायद्यातला ‘सोलेशियम’. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यात, जमीन मालकाच्या इच्छेविरुद्ध घेतली जाते म्हणून, बाजारभावाखेरीज १५ टक्के रक्कम देण्याची तरतूद होती. १९८४ च्या दुरुस्तीने ती ३० टक्के झाली. २०१३ च्या नव्या कायद्याने ती भरपाईच्या १०० टक्के केली. मराठी शासकीय कागदपत्रांत हिला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. वडिलोपार्जित शेत रस्त्यात किंवा धरणात गेलेल्या कुटुंबाला विचारावे. रक्कम हाती येते, दिलासा येतोच असे नाही. कायद्याचा मात्र एक प्रामाणिकपणा मान्य करावा लागतो. जमिनीच्या किमतीत न बसणारे काहीतरी हिरावले गेले, एवढे तो कबूल करतो.

साहित्यात या प्रश्नाची सर्वांत कठोर तपासणी शोककाव्यांत झाली. टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम १८३३ साली व्हिएन्नात अकाली वारला. त्याच्यावरील ‘इन मेमोरियम’ १८५० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच्याच भागात कवी सांत्वनपत्रे लिहिणाऱ्यांवर रुष्ट होतो. इतर मित्र उरले आहेत, मरण सर्वांनाच आहे, असे ते लिहितात. मरण सर्वांचे आहे म्हणून माझे दुःख कमी कडू होत नाही, असे त्याचे उत्तर आहे. आपल्या माळव्या-ग्वाल्हेरीशी ज्यांचे आयुष्य बांधले गेले होते, त्या भा. रा. तांबे यांनी, आपल्यामागे लोक क्षणभर हळहळतील आणि जग आपल्या वाटेने चालू लागेल, हे एका कवितेत निर्विकारपणे मांडले. एक शोक करणारा, दुसरा जाणारा. दोघांनीही उसने सांत्वन नाकारले. टेनिसनला विसावा मिळाला असेल तर तो स्वतःच्या ओळी वर्षानुवर्षे रचीत राहण्यात. कोणी पाठविला म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणेल, दुःखाच्या प्रसंगी भाव पाहावा, व्याकरण कशाला? आक्षेपात तथ्य आहे. चुकीच्या शब्दाने लिहिलेले मायेचे पत्र बिनचूक पण कोरड्या पत्राहून केव्हाही बरे. तथापि येथे शब्दाची चूक हीच भावाचीही चूक आहे. ‘माझे सॉलिस स्वीकारा’ म्हणणारा नकळत असे सुचवितो की माझ्या चार ओळींनी तुमचे काम झाले. शुद्ध वाक्य अधिक नम्र असते. मी तुमच्या दुःखात आहे, एवढेच ते म्हणते. विसावा तुम्हांला कशात मिळेल हे तुम्हांलाच ठाऊक.

त्या नातीला दुसरे पत्र धाडले. त्यात ‘कंडोलन्सेस’ एका ओळीत उरकले आणि बाकीचे पान तिच्या आजोबांच्या हकिकतींनी भरले. ते स्टेशनवर उतरवून घ्यायला कसे येत, इंग्रजी वर्तमानपत्रातल्या चुका तांबड्या पेन्सिलीने कशा खुणावीत, हे सारे लिहिले. सोबत त्यांचे एक जुने मराठी पत्र जोडले. तिचे उत्तर आले. ते पत्र तिने आईकडून दोनदा वाचून घेतले होते आणि आता अक्षरे शिकवशील का, असे आईला विचारले होते. उत्तरात ‘सॉलिस’ हा शब्द कोठेही नव्हता.