हळदीवरचा हात

मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेला की वाळ्याच्या ताट्याही हात टेकतात. अशाच एका दुपारी, गोरज मुहूर्ताच्या तीन तास आधी, नवरीच्या खोलीत मी ब्यूटिशियन ताईंचं काम बघत बसले होते. फाउंडेशन म्हणजे चेहऱ्यावर दिलेला रंगाचा हात, अशी माझी समजूत. पाऊण तासात ती मोडली.

बाटली उघडण्याआधी ताईंनी कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं. कूलरच्या ओलसर हवेत घाम सुकत नाही, आणि घामेजल्या कातडीवर फाउंडेशन ठरत नाही. मांडवात अडचण उलटी. तिथली कोरडी झळ ओलावा ओढून घेते आणि नाकपुडीच्या कडेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी मॉइश्चरायझर, मग दहा मिनिटं काहीच नाही. लग्नघरच्या घाईत ती दहा मिनिटं शांतपणे जाऊ देणं, यालाच मला पहिली दाद द्यावीशी वाटली.

खरी परीक्षा रंग निवडण्याची. आदल्या दिवशीची हळद गालांवर, गळ्यावर अजून रेंगाळत होती. त्यात आपल्याकडच्या मुली उन्हात स्कूटीवर स्कार्फ गुंडाळून फिरतात, फक्त डोळे उघडे. त्यामुळे डोळ्यांभोवती सावळी पट्टी आणि खाली गाल उजळ. एकाच चेहऱ्यावर तीन रंग! ताईंनी जबड्याच्या कडेला दोन छटांचे ठिपके लावले आणि नवरीला खिडकीशी नेलं. लावल्यावर फाउंडेशन थोडं गडद होतं, म्हणून निर्णय लगेच नाही. शेवटी पट्टीला एक छटा, गालांना दुसरी, आणि दोन्हींचा सांधा गालफडाच्या उंचवट्यावर, जिथे उजेड आपोआपच बदलतो. सांधा लपवायला याहून चांगली जागा मला तरी सुचली नसती.

या छटा मुळात लोहाच्या लाल, पिवळ्या, काळ्या ऑक्साइडांच्या भुकटीतून आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमधून जमवलेल्या असतात. म्हणजे अंगणातला गेरू आणि पिवडी यांचीच ही सख्खी भावंडं.

स्पंज त्यांनी भिजवून घट्ट पिळला. पाणी प्यालेला स्पंज फाउंडेशन कमी पितो. १९३० च्या दशकात रंगीत सिनेमासाठी निघालेला मॅक्स फॅक्टर कंपनीचा पॅन-केक मेकअपही ओल्या स्पंजनेच लागायचा. मग नाकाजवळून बाहेर, टिपत टिपत. एकदाही ओढणं नाही, कारण ओढलं की रेघा उठतात आणि खालचा थर उखडतो. कानाशी पोचेपर्यंत स्पंजवर जेमतेम रंग उरला होता, त्यामुळे कड अशी राहिलीच नाही. डोळ्यांखाली अनामिका, कारण तिचा दाब सगळ्यांत हलका. मग म्हणाल्या, "हास बरं वं बाई." नवरी हसली, ओठांच्या बाजूची घडी पडली, आणि तिथे साचलेला रंग ताईंनी तेवढ्यात टिपून घेतला. हसू आधीच धरून ठेवणारी ही रंगभूषा!

हनुवटीवरच्या तिळाला मात्र स्पंजने वळसा घातला. मी विचारलं. "पोरीले मायनं वयखलं पाहिजे ना," त्या म्हणाल्या.

पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर, दाबून. गालांना त्वचेची चमक ठेवली. मग खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा फ्लॅश मारून बघितला, कारण काही पावडरी फोटोत पिठासारख्या पांढऱ्या पडतात.

मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा मांडवात पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. अंतरपाटाआड नवरीच्या वरच्या ओठावर घाम जमला. आईने पदर उचलला. मागे उभ्या ताईंनी खूण केली, पुसू नका, टिपा. आईने पदराचं टोक दाबून धरलं, अलगद उचललं. पदर कोरा होता. तीळ जागेवर होता.