‘हाऊंड डॉग’ आणि श्रेयाचा प्रश्न

रॉक संगीताच्या इतिहासाचे पुस्तक उघडले, की पहिले प्रकरण बहुधा ‘मुळे’ या नावाचे असते. त्यात दहाबारा कृष्णवर्णीय गायक-वादकांची नावे भराभर येऊन जातात आणि ‘खरी’ कथा दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होते. मूळ हा शब्द वरवर पाहता गौरवाचा आहे. पण मूळ जमिनीखाली असते, दिसत नाही, आणि त्याचे काम दुसऱ्या कशाला तरी वर उचलून धरण्याचे असते. ऱ्हिदम अँड ब्लूज या संगीताला ‘रॉकची मुळे’ म्हणताना आपण त्याचा मान करतो की त्याला पहिल्या प्रकरणात गाडून टाकतो, हा प्रश्न आम्हांला या लेखात विचारायचा आहे.

आरंभीच एक कबुली देणे आवश्यक आहे. आम्हीही या संगीताकडे उलट्या वाटेने आलो. ‘हाऊंड डॉग’ हे गाणे आम्ही प्रथम एल्विस प्रेस्ली यांच्या आवाजात ऐकले आणि तेच मूळ, असे वर्षानुवर्षे समजत राहिलो. पुढे बिग मामा थॉर्नटन यांची तबकडी ऐकली, तेव्हा ती आम्हांला संथ आणि कच्ची वाटली. आमचा कान नकलेवर घडला होता, म्हणून अस्सल गाणे त्याला अपुरे वाटत होते, हे कळायला बराच काळ जावा लागला.

‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव संगीतकारांनी घेतलेले नव्हे. ‘बिलबोर्ड’ हे अमेरिकेतील संगीतव्यवसायाचे साप्ताहिक कृष्णवर्णीयांत खपणाऱ्या तबकड्यांची यादी ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशवाचक नावाने, छापत असे. जून १९४९ मध्ये त्या यादीचे नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ करण्यात आले. ही सूचना जेरी वेक्सलर या तिथल्याच वार्ताहराची होती. नाव सभ्य झाले. यादी मात्र वेगळीच राहिली. म्हणजे या संगीतप्रकाराची सीमा प्रथम ठरली ती सुरांनी नव्हे, तर ग्राहकाच्या कातडीच्या रंगाने. पुढे ‘रॉक अँड रोल’ हे निराळे नाव रूढ झाले, तेव्हा बदलले ते ध्वनीपेक्षा गिऱ्हाईक अधिक, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ध्वनी घडण्याची कारणे मात्र खरी आणि ठोस होती. दक्षिणेकडील शेतमजूर लाखोंच्या संख्येने शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस अशा शहरांत आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पंधरा-सोळा वादकांचे मोठे ताफे पोसणे परवडेनासे झाले आणि पाच-सात जणांचे छोटे संच पुढे आले. माणसे कमी झाली म्हणून आवाज कमी करून चालणार नव्हते. नाचघर तेवढेच मोठे होते. ती उणीव विजेच्या गिटारने, सॅक्सोफोनच्या घोगऱ्या गर्जनेने आणि चार मात्रांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ढोलाच्या आघाताने भरून काढली. नाणे टाकले की वाजणाऱ्या ज्यूकबॉक्सने या तबकड्यांना बाजार दिला, तर सिनसिनाटीची ‘किंग’, न्यूयॉर्कची ‘अटलांटिक’, शिकागोची ‘चेस’ अशा लहान कंपन्यांनी त्या काढल्या.

या काळातील दोन व्यक्ती पाहाव्यात. दोघेही आर्कान्सा राज्यातील छोट्या गावांचे. लुई जॉर्डन यांचा जन्म १९०८ मध्ये ब्रिंकली येथे झाला. त्यांच्या ‘टिंपनी फाइव्ह’ या संचाच्या ‘चू चू चबूगी’ या १९४६ च्या तबकडीने कृष्णवर्णीयांच्या यादीत अठरा आठवडे पहिले स्थान राखले. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या एका तबकडीचा आरंभ कार्ल होगन यांच्या गिटारने होतो. ते काही क्षण ऐकले, की चक बेरी यांच्या ‘जॉनी बी. गुड’ या १९५८ च्या गाण्याचा जगप्रसिद्ध आरंभ कोठून आला, ते वेगळे सांगावे लागत नाही. बेरी यांनी हे ऋण स्वतःच मान्य केले होते. डेका कंपनीत जॉर्डन यांच्या तबकड्यांची निर्मिती करणारे मिल्ट गेब्लर यांनीच एप्रिल १९५४ मध्ये बिल हेली यांचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ मुद्रित केले. नाते इतके सरळ, एकाच माणसाच्या हातून गेलेले आहे.

दुसऱ्या सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५, कॉटन प्लांट येथे. आई चर्चमध्ये प्रवचने करी. मुलगी लहानपणापासून भक्तिगीते गाई आणि गिटार वाजवी. १९४४ मध्ये मुद्रित झालेले त्यांचे ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ हे भक्तिगीत पुढल्या वर्षी ‘रेस’ यादीत दुसऱ्या स्थानावर पोहोचले. आशय देवाचा आणि ठेका नाचघराचा, हा संकर चर्चमधील अनेकांना रुचला नाही. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या वापरात नसलेल्या एका रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी झालेला त्यांचा कार्यक्रम चित्रफितीत पाहायला मिळतो. अंगात जाड कोट, गळ्यात विजेची गिटार, आणि ओल्या फलाटावर त्या एकट्या उभ्या! रॉक गिटारवादकाची म्हणून जी ऐट आपण ओळखतो, ती सारी तेथे आहे. १९७३ मध्ये त्या वारल्या, त्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांची निवड झाली ती २०१८ मध्ये.

‘पहिली रॉक तबकडी कोणती?’ हा या विषयातील आवडता वाद. कोणी रॉय ब्राऊन यांचे १९४७ चे ‘गुड रॉकिन टुनाइट’ पुढे करतो, कोणी फॅट्स डॉमिनो यांचे १९४९ चे ‘द फॅट मॅन’, तर कोणी मार्च १९५१ मध्ये मेंफिस येथे मुद्रित झालेले ‘रॉकेट ८८’. या शेवटच्या तबकडीवर नाव जॅकी ब्रेन्स्टन यांचे आहे. संच होता आइक टर्नर यांचा. आणि जो फाटका, खरखरीत गिटारचा आवाज तिचे वैशिष्ट्य ठरला, तो विली किझार्ट यांचा, बिघडलेल्या ध्वनिवर्धकातून निघालेला. एका तबकडीत तीन माणसे आणि एक अपघात! ‘पहिले कोण’ या प्रश्नाला एकच नाव हवे असते आणि हे संगीत तर एकट्याने घडवलेले नव्हतेच. म्हणून आम्हांला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कोणी काय केले, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

आता ‘हाऊंड डॉग’. हे गाणे जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन श्वेतवर्णीय ज्यू तरुणांनी थॉर्नटन यांच्यासाठी लिहिले. दोघेही तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. १३ ऑगस्ट १९५२ रोजी लॉस एंजेलिस येथे ते मुद्रित झाले; संच जॉनी ओटिस यांचा. १९५३ मध्ये ह्यूस्टनच्या ‘पीकॉक’ कंपनीने ते बाजारात आणले आणि सात आठवडे ते ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत अग्रस्थानी राहिले. तेव्हा ‘काळ्यांचे गाणे गोऱ्यांनी चोरले’ हे सोपे सूत्र येथे पुरत नाही. शब्द आणि चाल गोऱ्या हातांची आहे.

तरीही त्या तबकडीत जे जिवंत आहे, ते कागदावर नव्हते. गाण्यातील स्त्री एका ऐतखाऊ पुरुषाला दाराबाहेर काढते आहे. कुत्रा हे रूपक त्या पुरुषाचे. थॉर्नटन पहिला शब्द गुरगुरल्यासारखा ओढतात, पुढच्या ओळीत आवाज जवळजवळ बोलण्यावर आणतात, आणि पीट लुइस यांच्या गिटारला मध्येच हाक देऊन चेतवतात. गिटार त्यांना उत्तर देते, जणू घराबाहेर काढलेला तो पुरुषच विनवण्या करतो आहे. ठेका घाईचा नाही. हुसकावून लावणाऱ्या बाईला घाई कशाची? शेवटी वादक कुत्र्यासारखे ओरडतात आणि सारा अपमान हास्यात विरतो. चीड, विनोद आणि देहाचा मोकळेपणा यांचे हे मिश्रण केवळ गाण्यातून उभे राहते.

प्रेस्ली यांनी १९५६ मध्ये हे गाणे थेट थॉर्नटन यांच्याकडून घेतले नाही. लास व्हेगासमध्ये फ्रेडी बेल यांचा संच त्याची थट्टेखोर आवृत्ती सादर करी, ती त्यांनी उचलली. तिच्यात शब्द बदललेले होते आणि कुत्रा आता खरोखरचा कुत्रा झाला होता. बोलणारी स्त्री नाहीशी झाली, तिच्याबरोबर गाण्याचा अर्थही गेला. उरला तो वेग, डी. जे. फोंटाना यांच्या ढोलाचा गोळीबारासारखा कडकडाट आणि स्कॉटी मूर यांची धारदार गिटार. ही तबकडी निकृष्ट आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ती निराळी आहे, आणि तिच्या उर्मट वेगात एका पिढीला आपला आवाज सापडला. पण तिला पूर्ण आणि थॉर्नटन यांच्या तबकडीला ‘पूर्वतयारी’ ठरवणे, हा टीकेतला प्रमाद आहे. तो आम्हीही केला होता.

या प्रमादामागे कायदाही उभा होता. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने संरक्षण दिले ते लिहिलेल्या शब्दांना आणि चालीला. गाणे एकदा तबकडीवर आले, की हक्कधारकास प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन कोणीही ते पुन्हा मुद्रित करू शके. आधीच्या गायकाला विचारण्याची गरज नव्हती. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ पासून. म्हणजे गुरगुरणे, थांबणे, हाक देणे, ठेक्याची ठेवण यांना कायद्याच्या लेखी मालकच नव्हता. मेंफिसच्या ‘सन’ कंपनीने १९५३ मध्ये ‘हाऊंड डॉग’ला उत्तर म्हणून ‘बेअर कॅट’ हे गाणे काढले, तेव्हा चालीच्या हक्कासाठी ‘पीकॉक’च्या मालकांनी दावा लावला आणि जिंकला. त्या खटल्यात थॉर्नटन यांचा प्रश्नच नव्हता. आपल्याला या गाण्याचा पाचशे डॉलरचा एकच धनादेश मिळाला, असे त्या पुढे सांगत. १९५५ मध्ये लव्हर्न बेकर यांनी आपल्या गाण्याची रचना जशीच्या तशी उचलली गेल्याची तक्रार काँग्रेसच्या सदस्याकडे नेली. कायदा बदलला नाही. रूथ ब्राऊन यांनी अटलांटिक कंपनीला सुरुवातीच्या काळात वैभव मिळवून दिले आणि नंतर घरकामे करून संसार चालवला. मानधनासाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या, त्यातून १९८८ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहिले.

येथे एक आक्षेप येईल. देवघेव तर दोन्ही बाजूंनी चालते. चक बेरी यांचे १९५५ चे ‘मेबलिन’ हे ‘आयडा रेड’ या ग्रामीण श्वेतवर्णीयांत रुळलेल्या गाण्यावरून आले. आक्षेप खरा आहे, आणि उसनवारी हा कलेत गुन्हा नव्हे. प्रेस्ली यांनीही आर्थर क्रूडप यांचे ऋण मोकळेपणाने सांगितले होते. पण त्याच ‘मेबलिन’च्या तबकडीवर सहलेखक म्हणून रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड यांचे नाव लागले, आणि क्रूडप आपल्या हक्काच्या पैशांसाठी झगडतच १९७४ मध्ये वारले. देवघेव दुहेरी होती. हिशेब मात्र एकेरी होता.

हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतील सी. रामचंद्र यांची गाणी आजही आपले पाय थिरकवतात. पहिल्यात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय वादक आन्तोनियो वाझ आणि त्यांचा संच पडद्यावरही दिसतो. दुसऱ्यातील ‘ईना मीना डीका’त रॉक अँड रोलची चाहूल स्पष्ट आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा गोमंतकीयांनी दशकानुदशके बांधली; श्रेयनामावलीत मात्र त्यांना पुरेशी जागा मिळाली नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले ते १९७७ च्या एका चित्रगीतामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेतून. गाणे सर्वांना पाठ. त्या नावाचा खराखुरा संगीतकार आहे, हे किती जणांना ठाऊक होते?

बंदीश तीच असली तरी प्रत्येक गवयाची गायकी निराळी, हे आपल्या रसिकाला सांगावे लागत नाही. तोच न्याय आपण या परक्या संगीताला लावावा, एवढेच आमचे म्हणणे. वाचकांनी एक संध्याकाळ काढून या तबकड्या सनावळीच्या क्रमाने ऐकाव्यात: थार्प १९४४, जॉर्डन १९४६, ब्राऊन १९४७, ‘रॉकेट ८८’ १९५१, थॉर्नटन १९५२, आणि सर्वांत शेवटी प्रेस्ली १९५६. आम्ही हा क्रम उलटा लावून ऐकला होता, आणि तो सुलटा करून घ्यायला आम्हांला फार वर्षे लागली.