शिवीतला तिसरा माणूस

मंडळी, मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर चहा घेताना एक गृहस्थ आम्हाला म्हणाले, "सर, तुम्ही उगाच शब्द ताणता. आमच्या घरात पोरं भांडायला लागली की ‘काय कैकाड्यावानी भांडता रे’ असं म्हणतातच. त्यात जात कुठं आली? ती बोलायची पद्धत आहे." गृहस्थ सज्जन आहेत, खोटं बोलत नव्हते. आमच्याही घरात हेच वाक्य होतं. आम्ही तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, तरी चाळीशी उलटेपर्यंत ते आमच्या कानाला खटकलं नाही, हेही सांगून टाकतो. आज तेवढं एकच वाक्य घेऊ.

या वाक्यात माणसं किती? बोलणारी आई आणि ऐकणारा पोरगा, दोघंच दिसतात. पण शिवी लागू पडायला तिसरा लागतो, आणि तो घरात नसतो. आपण कैकाडी नाही हे पोराला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते त्याला झोंबतं. "आपल्यातला असून त्यांच्यासारखा वागतोस" हा त्याचा अर्थ. पोराची शिक्षा पाच मिनिटांत संपते, आई जवळ घेते. तिसऱ्याबद्दल मात्र त्या घरात एक गोष्ट कायमची ठरून जाते, आणि ती आपण पोराला शिकवली असं कुणाला वाटतही नाही. बोलणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, हे आम्हाला मान्य. पण शब्दाचा अर्थ एकट्या बोलणाऱ्याच्या मनातून येत नाही. ऐकणाऱ्याला तो आधीच माहीत असतो, तेव्हाच शिवी समजते.

आता, भांडणाच्या वेळी कैकाडीच का आठवावेत? ही फोकाच्या टोपल्या, कणग्या विणणारी माणसं. आपल्या आज्या-पणज्यांची ज्वारी त्यांनी विणलेल्या कणग्यांत राहिली. गाढवावर बिऱ्हाड, गावाबाहेर पाल. नवराबायकोचं भांडण वाड्यातही होतं, पण वाड्याला चिरेबंदी भिंत असते. पालातलं भांडण अख्ख्या गावाला ऐकू जातं. त्यात त्यांची घरची बोली तमिळच्या कुळातली, आपल्याला न कळणारी; आणि न कळणारी भाषा आपल्याला नेहमी मोठ्यानं बोलल्यासारखी वाटते. भिंत नसणं ही गरिबी होती, आपण तिला स्वभाव समजलो. त्यावर इंग्रजी अमलात, १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी, कैकाड्यांवरही शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, बोलणं राहिलं.

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, पुढं त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचून हळहळलेले आमचेच विद्यार्थी तास सुटल्यावर पायऱ्यांवर एकमेकांना ‘ए कैकाड्या’ म्हणताना आम्ही ऐकलेत. पुस्तक वाचलं वहीपुरतं, दुसरं काय!

कायदा इथं फारसा कामाचा नाही. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा लोकांदेखत जातीवरून अपमान झाला तर लागतो. गैरहजर तिसरा त्यात बसत नाही. त्यातही गंमत बघा, आपल्या मराठवाड्यात कैकाडी विमुक्त जातींत मोडतात. पैनगंगा ओलांडून वाशीम-यवतमाळात गेलं की तेच कैकाडी अनुसूचित जातीत. म्हणजे तोंडावर दिलेली हीच शिवी नदीच्या पलीकडे या कायद्यात येते, अलीकडे येत नाही. माणूस तोच, शब्द तोच.

कुणी म्हणेल, शब्द वापरून झिजतो, त्यातली जात निघून जाते. ‘भामटा’ म्हणताना कोणाच्या मनात जात असते? खरं आहे, पुष्कळांना ती जात आहे हेच माहीत नसतं. पण राजपूत भामटा हे नाव विमुक्त जातींच्या यादीत आजही आहे. झिजला तो आपल्या जिभेवर. ज्याच्या दाखल्यावर तो छापलेला आहे त्याच्यासाठी झिजलेला नाही.

आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण घ्या. नरसीच्या नामदेवांना औंढ्याला गुरू भेटले ते विसोबा खेचर. परंपरा सांगते की हे आधी विसोबा चाटी. ज्ञानेश्वरादी भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून हिणवणारे, छळणारे. पुढं ते वरमले, तेव्हा त्यांना ‘खेचर’ म्हटलं गेलं आणि त्यांनी तेच नाव जन्मभर लावलं. खेचर म्हणजे आकाशात फिरणारा योगी, असाही अर्थ लावतात. तो सोयीचा आहे. आम्हाला जनावराचाच पटतो. यातल्या दोन्ही शिव्याच, पण ‘संन्याशाची पोरं’ ही जन्मावरून, त्यात त्या लेकरांचं कर्तृत्व शून्य. ‘खेचर’ वागण्यावरून आलेली. विसोबांना ती टाकता आली असती, त्यांनी ठेवली. कैकाड्याच्या पोराला टाकायची सोय कुठं आहे?

गृहस्थांनी शेवटी विचारलं, "मग पोरांना म्हणायचं काय?" आम्ही आईला एकदा हे सगळं समजावून सांगितलं होतं. तिनं ऐकलं, आणि पुढं नातवंडं भांडली की म्हणायची, "काय नळावरच्या बायांवानी भांडता रे!" आता नळावरच्या बायांचं काय, हे तिला विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.