सूडाचे दस्तऐवज

एमिली ब्राँटे यांची ‘वुदरिंग हाइट्स’ ही एकमेव कादंबरी १८४७ साली ‘एलिस बेल’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. यॉर्कशरमधील एका धर्मोपदेशकाच्या या कन्येची कृती बहुधा उत्कट प्रेमकथा म्हणून वाचली जाते. परंतु तिचा उत्तरार्ध म्हणजे गहाणखत, विवाह आणि मृत्युपत्र यांच्या आधारे घेतलेल्या सूडाची कहाणी आहे.

अपमानित हीथक्लिफ धनवान होऊन परततो. तो कोणाचा खून करीत नाही. जुगारी हिंडलीला पैसे पुरवून तो त्याची सारी जमीन गहाण घेतो. हिंडलीच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा हेअरटन स्वतःच्याच घरात गडी होतो. त्याला अक्षरओळखही होऊ दिली जात नाही. एडगरला पुत्र नसल्यास जमीन त्याची बहीण इझाबेला हिच्याकडे जाणार, हे हेरून हीथक्लिफ तिच्याशी प्रेमावाचून विवाह करतो. पुढे एडगरच्या कन्येला, कॅथीला, कोंडून तो तिचा आपल्या आजारी मुलाशी विवाह लावतो. मरणोन्मुख पित्याला भेटण्याची तिची ओढ हाच त्याचा फास. एडगर कन्येची मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवू पाहतो, पण त्याचा वकील आधीच फितूर झालेला असतो.

विवाहितेची जंगम मालमत्ता पतीची, हा तेव्हाचा इंग्लिश कायदा. तो पुरता बदलला १८८२ साली. म्हणून हीथक्लिफचे बहुतेक व्यवहार कागदोपत्री निर्दोष ठरतात. लेखिकेचे सामर्थ्य येथेच आहे: अन्याय कायद्याची वस्त्रे लेवून येतो, हे ती उपदेश न करता दाखविते. ख्रिस्तसभेचा कॅनन कायदा मात्र विवाहाचा प्राण मुक्त संमतीत पाहतो. सक्तीने वा धाकाने लावलेला विवाह तो अवैध मानतो (१९८३ ची संहिता, कलम ११०३).

सर्व काही हाती आल्यावर हीथक्लिफची सूडाची वासनाच विझते. दुसऱ्याच्या मृत्युपत्रावर डोळा ठेवणारा हा माणूस स्वतःचे मृत्युपत्र न करताच मरतो. इकडे कॅथी हेअरटनला वाचायला शिकविते आणि दोघे स्वेच्छेने विवाहाचा निश्चय करतात. ज्या अक्षरांनी घर लुटले, त्याच अक्षरांनी ते पुन्हा उभे राहते.

कुंभवली-बोईसर परिसरात कारखान्यांमागोमाग जमिनीला भाव आला. सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी अबोला धरतो, तेथे ही परकी कादंबरी परकी राहत नाही. वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने ती एकदा वाचावी.