ऊसतोड मजूर आणि लोकशाहीची सीमा : स्थलांतरविषयक राजकीय सिद्धांताची एक चिकित्सा

प्रस्तावना

स्थलांतर आणि सीमा हा विषय लोकशाहीच्या राजकीय सिद्धांतात १९८० नंतर ठळकपणे पुढे आला. मायकेल वॉल्झर यांनी ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ (१९८३) या ग्रंथात राजकीय समाजाला आपले सदस्य निवडण्याचा अधिकार असतो, अशी भूमिका मांडली. जोसेफ कॅरन्स यांनी १९८७ मधील निबंधात तिला आव्हान दिले. संपन्न लोकशाही राष्ट्राचे नागरिकत्व हे सरंजामशाहीतील जन्मसिद्ध विशेषाधिकारासारखे आहे, म्हणून सीमा सर्वसाधारणपणे खुल्या असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आराश अबिझादेह यांनी २००८ मध्ये असा युक्तिवाद केला की, सीमा आतल्यांप्रमाणे बाहेरच्यांवरही सक्ती करते. तेव्हा तिचे समर्थन दोघांपुढेही करता आले पाहिजे. या विचारवंतांची उत्तरे भिन्न असली तरी सीमा म्हणजे राष्ट्राची हद्द आणि मध्यवर्ती प्रश्न म्हणजे प्रवेश, हे गृहीतक या वादाच्या मुळाशी आहे.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांच्या हंगामी स्थलांतराच्या आधारे केली आहे. हे मजूर भारताचे नागरिक आहेत. देशात कोठेही जाण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य त्यांना संविधानाच्या अनुच्छेद १९ ने दिले आहे. म्हणजेच कॅरन्स यांना अभिप्रेत असलेली खुली सीमा त्यांच्यापुरती अस्तित्वात आहे. तरीही लोकशाहीतील त्यांचे स्थान अपुरे राहते. ते का, हा येथील मूळ प्रश्न आहे.

दोन स्थलांतरे, दोन परिणाम

अहमदनगर जिल्हा स्थलांतरितांना सामावून घेणारा आहे आणि त्यांना बाहेर पाठविणाराही आहे. उत्तरेकडील कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात गोदावरी व प्रवरा कालव्यांचे पाणी आले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. नव्या कालव्यांच्या लाभक्षेत्रांत पुणे जिल्ह्यातील सासवड परिसरातून माळी बागायतदार आले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊसशेती वाढविली. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार व धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचे गाळप सुरू झाले.

दुसरे स्थलांतर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातून, विशेषतः पाथर्डी, शेवगाव व जामखेड या तालुक्यांतून होते. १९७२ च्या दुष्काळानंतर ते वाढले. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे गाव सोडतात आणि जिल्ह्यातीलच बागायती पट्ट्यात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीस जातात. हंगाम संपला की ती परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ म्हणून गणली जाते. कामाच्या या एककात स्त्रीचे स्वतंत्र नावही उरत नाही.

पहिले स्थलांतर भांडवल, कसब व जमिनीवरील हक्क यांच्या आधारे झाले. म्हणून त्यातील माणसे नव्या गावाची रहिवासी झाली. दुसऱ्या स्थलांतरातील माणसे वर्षानुवर्षे त्याच शिवारात येऊनही कोपीतच राहिली. कोणतीही सरहद्द आड आलेली नसताना हा भेद निर्माण झाला, ही बाब सिद्धांताच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

मताचा पत्ता

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० नुसार मतदाराची नोंद तो ‘सामान्यतः रहिवासी’ असलेल्या मतदारसंघात होते. तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे हे रहिवासित्व संपत नाही. त्यामुळे मजुराचे नाव गावच्या यादीत राहते, परंतु मजूर गावात नसतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, तर राज्यातील गाळप हंगामाची ठरलेली तारीख १५ नोव्हेंबर होती. अशा वेळी मजुराचे गावी येणे मुकादमाच्या परवानगीवर किंवा उमेदवाराच्या वाहनावर अवलंबून राहते. मतदारांची अशी मोफत वाहतूक करणे हे तर १९५१ च्या अधिनियमानुसार भ्रष्ट आचरण ठरते.

कायद्याला अनुपस्थितीची जाणीवच नाही, असे म्हणता येत नाही. सैनिकांसाठी टपाली मतदानाची सोय आहे. परदेशातील भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीने मतदारयादीत स्थान मिळाले. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये देशांतर्गत स्थलांतरितांसाठी ७२ मतदारसंघ हाताळू शकणाऱ्या दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव मांडला. मात्र राजकीय पक्षांच्या आक्षेपांमुळे तो पुढे गेला नाही. कोणत्या अनुपस्थितीची दखल घ्यायची, हा राजकीय निर्णय असतो, हे यावरून दिसते.

कामगार कायद्याने आखलेली रेषाही याच प्रकारची आहे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्य स्थलांतरापुरता होता. पाथर्डीचा मजूर बेळगाव जिल्ह्यात गेला तर तो या कायद्याच्या कक्षेत येऊ शके. कोल्हापूरला गेला तर नाही. कष्ट तेच, उचल तीच. राज्याच्या हद्दीने मात्र त्याची कायदेशीर ओळख बदले.

सिद्धांताची मर्यादा

वॉल्झर यांच्या विवेचनाचा एक भाग येथे विशेष उपयुक्त आहे. श्रमासाठी ज्यांना आत घेतले, त्यांना सदस्यत्वही दिले पाहिजे. अन्यथा प्राचीन अथेन्समधील ‘मेटिक’ या हक्कहीन रहिवाशांप्रमाणे एक वर्ग नागरिकांच्या सत्तेखाली राहील, असे ते बजावतात. परंतु युरोपातील पाहुण्या कामगारांचे उदाहरण समोर असल्याने त्यांचा उपाय नागरिकत्वापाशी थांबतो. ऊसतोड मजुरापाशी नागरिकत्व आधीच आहे. तरीही सहकारी कारखान्यात मत ऊस उत्पादक सभासदाला असते, तोडणाऱ्याला नसते. तोडणीचा कार्यक्रम कारखाना आखतो. मजुराचा व्यवहार मात्र मुकादमाशी होतो, त्यामुळे कारखान्याचा कामगार म्हणूनही त्याची गणना होत नाही. मजुरीचे दर साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही ज्येष्ठ नेत्यांच्या मध्यस्थीने. यातून पदरात लाभ पडतो हे खरे, परंतु मध्यस्थीने मिळालेली वाढ आणि निर्णयातील हक्काचा सहभाग या भिन्न गोष्टी आहेत.

यावर असा आक्षेप संभवतो की, गावातील मत हेच मजुराचे खरे बळ आहे. त्याच बळावर ऊसतोड मजुरांचे नेतृत्व विधिमंडळात व संसदेत पोहोचले. आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच मतदारसंघ बदलून कामाच्या ठिकाणी नाव नोंदविणे, हा उपाय पुरेसा नाही. त्यामुळे गावातील पाणी, शाळा व ग्रामपंचायत यांवरील त्याचा अधिकार सुटेल. दूरस्थ मतदानाने गावातील मत वाचेल, पण जेथे वर्षातील पाच-सहा महिने राबावे लागते, तेथील सत्तेवर त्याचा परिणाम होणार नाही. मजुराचे जीवन दोन ठिकाणी विभागलेले असताना सदस्यत्व एकाच ठिकाणी असावे, हा आग्रहच तपासला पाहिजे.

समारोप

अहमदनगरच्या उदाहरणावरून असे दिसते की, प्रवेशाचे स्वातंत्र्य आणि निर्णयातील सहभाग यांची फारकत झाल्यास खुली सीमाही स्वस्त श्रमाची वाट बनते. लोकशाहीची सीमा नकाशावर असते तशी मतदारयादीत, सभासद नोंदवहीत आणि मुकादमाच्या करारातही असते. गावातील मत दूरवरून देता यावे आणि तोडणीच्या ठिकाणी मजुरांना, ‘कोयत्या’तील स्त्रीला स्वतंत्रपणे मोजून, प्रतिनिधित्व मिळावे, अशा दुहेरी सदस्यत्वाचा विचार राजकीय सिद्धांताने करणे आवश्यक आहे. जी माणसे आधीच आत आहेत, त्यांना मोजण्याची पद्धत बदलल्याशिवाय सीमेविषयीचा लोकशाही विचार पूर्ण होणार नाही.