विलंबित

सिनेमात काहीतरी 'घडलं' पाहिजे, असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे आणि आमच्या घरी त्याची अंमलबजावणी फार कडक आहे. गेल्या महिन्यात मी ओळीने तीन मराठी सिनेमे पाहिले, त्यातले दोन या कायद्याचा सरळसरळ भंग करणारे.

परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३) मात्र एकमताने पास झाला. खुनाचा बेत, तो ऐन वेळी बिनसणं, मग धावपळ. दोन तासांच्या आत खेळ खलास. मध्ये चहा टाकायला कोणी उठलं नाही, याहून मोठं प्रशस्तिपत्र आमच्याकडे देत नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढी करताना मला त्यातला फक्त शेवट आठवत होता, ही गोष्ट वेगळी.

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) दुसऱ्यांदा पाहिला. कोर्ट म्हटलं की आपल्याला टेबलावर आपटलेली मूठ लागते. इथे सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं वाण्याच्या यादीसारखी वाचतात, लोकशाहिराला पुढची तारीख मिळते आणि बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. शेवटी न्यायाधीशमहाराज सुटीत सहलीला जातात, बाकावर पेंगतात आणि ओरडून उठवणाऱ्या पोरांपैकी एकाला थप्पड देतात. संपला सिनेमा! "अहो, पण निकाल?" ही म्हणाली. मी म्हटलं, "आत्ता दिला की!"

पण खरी झोप उडवली ती ताम्हाणेंच्याच 'द डिसायपल'ने (२०२०). शरद नेरूळकर शास्त्रीय गाणं शिकतो, गुरुजींची सेवा करतो, रात्री मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलवरून जाताना कानात माईंचे उपदेश ऐकतो. (तो आवाज सुमित्रा भावेंचा.) आदित्य मोदक आणि अरुण द्रविड हे शिष्य-गुरू मुळातच गायक, त्यामुळे खोट्या ताना नाहीत. आता नायकाने एवढी मेहनत केल्यावर मध्यंतरानंतर टाळ्यांचा कडकडाट व्हायला नको? प्रेक्षकांशी तसा करारच असतो. इथे तो साफ मोडलाय. बरं, हा मुलगा वाईट गातो का? नाही हो, चांगलं गातो. एवढंच. 'चांगलं' या शब्दाची इतकी दहशत मला आजवर वाटली नव्हती.

तक्रारी आहेत. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतली ती मुलगी पुढे काय होणार, हे पहिल्या झलकीतच कळतं. माईंचं एखादं प्रवचनही कमी चाललं असतं. पण शेवटी लोकलच्या डब्यात एक जण गात येतो आणि शरद नुसता बसून असतो, तिथे मला तक्रारी आठवेनात.

आठवले ते धाकटे काका. चाळीस वर्षं पहाटे पाचला उठून पेटी वाजवतात. चांगली वाजवतात. 'काकांना संधी मिळाली नाही,' हे आमच्या घराण्यातलं पाठांतर. हा सिनेमा त्यांना दाखवावा की लपवावा, यावर आमच्या घरात दोन तट पडले. ही म्हणाली, या वयात कशाला? आठवडाभर खल केल्यावर काकूंना हळूच फोन लावला.

"तो होय?" काकू म्हणाल्या, "दोनदा पाहिला ह्यांनी. आणि उद्या जरा उशिरा फोन कर हो, पाचला ह्यांची पेटी असते."